पेराग्वेचा सातबारा

दक्षिण अमेरिकेत समुद्रकिनारा नसलेले देश दोनच, बोलिव्हिया आणि पेराग्वे. बोलिव्हियाच्या बातम्या अधूनमधून आपल्यापर्यंत पोचतात. पेराग्वेचं नाव मात्र फुटबॉलचा वर्ल्ड कप सोडला तर सहसा कानावर पडत नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सरकारी जमिनी कशा विकल्या गेल्या, हा माझ्या पीएचडीचा विषय. तो ऐकला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढं जग सोडून तिथलंच का?" ही पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर समजा.

आधी देशाची ओळख करून घेऊ. क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा जवळपास एक लाखानं जास्त. आणि लोकसंख्या? २०२२च्या जनगणनेत ६१ लाख. आपल्या नाशिक जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या नेमकी एवढीच होती, यावरून तिथल्या मोकळ्या जागेचा अंदाज करा. देशाच्या मधून पेराग्वे नदी वाहते. तिच्या पश्चिमेला चाको, कोरडा, काटेरी, देशाचा साठ टक्के भाग, पण माणसं अगदी तुरळक. पूर्वेला लाल माती, भरपूर पाऊस आणि जवळपास सगळी वस्ती. राजधानी असुन्सियोन याच नदीच्या काठावर. बहुसंख्य लोक घरात ग्वारानी बोलतात, आणि त्यात केवळ आदिवासी येत नाहीत, शहरातले व्यापारी आणि मंत्रीही येतात. चलनाचं नावही ग्वारानीच.

देश विकतो काय? मुख्यतः सोयाबीन, गोमांस आणि वीज. वीज ब्राझीलच्या सीमेवरच्या इताइपू धरणाची. १९७३च्या करारानं त्यातली निम्मी पेराग्वेची, पण त्याला एवढी लागत नाही, आणि उरलेली कित्येक दशकं फक्त ब्राझीललाच, करारात ठरलेल्या दरानं द्यावी लागली. त्या करारावर एक वेगळी पोस्ट होईल, आज ते बाजूला ठेवू.

अशा भूवेष्टित देशाच्या गरिबीचं एक तयार स्पष्टीकरण असतं: समुद्र नाही, म्हणून व्यापार नाही, म्हणून पैसा नाही. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. असुन्सियोनहून निघालेला माल पेराग्वे आणि मग पाराना नदीतून दीड हजारांहून जास्त किलोमीटर जातो तेव्हा कुठे खारं पाणी लागतं, आणि त्या वाटेचं कुलूप शेकडो वर्षं बुएनोस आइरेसच्या हातात होतं. पण आज याच देशाकडे नदीतल्या बार्जांचा जगातल्या मोठ्या ताफ्यांपैकी एक आहे, आणि सोयाबीन निर्यातीत तो गेली अनेक वर्षं पहिल्या चार-पाच देशांत असतो. माल बाहेर जातोय. तो कुणाच्या जमिनीवर पिकतो, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

२००८च्या कृषिगणनेचा आकडा असा: जेमतेम अडीच टक्के शेतमालकांकडे ८५ टक्के शेतजमीन. विषमता मोजायला अर्थशास्त्रज्ञ गिनी निर्देशांक वापरतात. सगळ्यांना सारखं असेल तर शून्य, सगळं एकाकडे असेल तर एक. पेराग्वेच्या जमिनीचा हा आकडा ०.९३ येतो. जगात इतका वाईट आकडा शोधून सापडणं कठीण.

आता गंमत बघा. दीडशे-एकशेसाठ वर्षांपूर्वी याच देशातली बहुतेक सगळी जमीन सरकारी होती.

त्याची सुरुवात होते होसे गास्पार रोद्रिगेस दे फ्रान्सिया या विलक्षण माणसापासून. धर्मशास्त्राचा डॉक्टर, पेशानं वकील, स्वभावानं संशयी. १८११मध्ये पेराग्वे स्वतंत्र झाला, १८१४मध्ये फ्रान्सियाच्या हाती सत्ता आली आणि १८४०मध्ये तो मेला तेव्हाच सुटली. बुएनोस आइरेस पेराग्वेला आपला एक बंडखोर प्रांत मानत होतं आणि नदी अडवत होतं. फ्रान्सियानं उलट दारंच लावून घेतली. परवानगीशिवाय कुणी आत येऊ शकत नव्हतं, आणि आलेला बाहेर जाईलच याची खात्री नव्हती. एमे बोंप्लाँ हा प्रसिद्ध फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ सीमेलगत मातेची, म्हणजे तिथल्या चहाची, लागवड करत होता. त्याला १८२१मध्ये पकडून आणलं आणि जवळपास दहा वर्षं सोडलं नाही.

देशातल्या देशात फ्रान्सियानं स्पॅनिश वंशाच्या धनिकांच्या आणि चर्चच्या जमिनी जप्त केल्या. काही ठिकाणी सरकारी गुरांचे मळे उभे राहिले. बाकी जमीन शेतकऱ्यांना किरकोळ खंडानं कसायला मिळाली. त्याच्यानंतर आलेल्या कार्लोस अंतोनिओ लोपेसनं १८४६मध्ये मातेची जंगलं आणि इमारती लाकूड सरकारी मालकीचं ठरवलं, आणि १८४८मध्ये एकवीस ग्वारानी गावांना 'तुम्ही आता नागरिक झालात' असं सांगून त्यांच्या सामायिक जमिनी आणि गुरं सरकारजमा केली.

इथे जरा थांबते, कारण या काळाबद्दल दोन टोकाचे सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हा लॅटिन अमेरिकेतला पहिला समाजवादी देश, परकीय कर्ज नसलेला, स्वतःच्या पायावर उभा. दुसरा म्हणतो, निव्वळ हुकूमशाही. कर्ज नव्हतं हे खरं. १८५०नंतर इबिकुईला लोखंडाची भट्टी होती, १८६१पासून आगगाडी धावत होती आणि ब्रिटिश इंजिनिअर सरकारी पगारावर काम करत होते, हेही खरं. पण सरकारी जमिनीचा एक मोठा हिस्सा ग्वारानी गावांकडून हिसकावलेला होता, आणि 'सरकार' म्हणजे व्यवहारात एकच घराणं. तरीही सामान्य कुटुंबाच्या दृष्टीनं बघितलं तर कसायला जमीन मिळत होती आणि खंड परवडत होता. त्यांच्याकडे नव्हता तो फक्त मालकीचा कागद. त्याची तेव्हा कुणाला गरजही वाटली नाही. माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग या न वाटलेल्या गरजेवरच आहे.

मग युद्ध आलं. १८६४ ते १८७०. एका बाजूला पेराग्वे, त्याचा अध्यक्ष कार्लोस अंतोनिओचा मुलगा फ्रान्सिस्को सोलानो लोपेस. दुसऱ्या बाजूला ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे. कारणांची गुंतागुंत मी इथे सोडवत बसत नाही. १ मार्च १८७० रोजी सेरो कोराला लोपेस मारला गेला आणि युद्ध संपलं. तोवर देशात काय उरलं होतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. १९८८मध्ये व्हेरा ब्लिन रेबर यांनी मांडलं की लोकसंख्येतली घट वीस टक्क्यांच्या आतच असावी. १९९९मध्ये थॉमस व्हिगम आणि बार्बरा पॉटहास्ट यांनी १८७०ची एक जनगणना उजेडात आणली. तिच्यात जेमतेम १ लाख १६ हजार माणसं मोजलेली होती. त्यावरून त्यांनी घट साठ टक्क्यांहून जास्त धरली. युद्धापूर्वी नक्की किती लोक होते यावर सगळा हिशेब फिरतो, म्हणून वाद मिटत नाही. पण पुरुषांची संख्या भयानक कमी झाली होती, याबद्दल फारसं दुमत नाही. नांगर, पेरणी, बाजार, घर, सगळं बायकांच्या अंगावर पडलं. शेतीत त्या आधीपासून होत्याच, आता त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

आणि एक तपशील, जो मला सतत टोचतो. सरकारी जमीन खाजगी नावावर करण्याचा पहिला मोठा सपाटा खुद्द सोलानो लोपेसनंच लावला होता. युद्ध हरत असताना त्यानं जमिनीचे प्रचंड पट्टे आपली आयरिश जोडीदार एलिझा लिंच हिच्या नावावर करून दिले. नंतरच्या सरकारांनी ते व्यवहार मानले नाहीत, पण युक्ती मात्र लक्षात ठेवली.

युद्धानंतर ब्राझीलचं सैन्य १८७६पर्यंत देशात तळ ठोकून होतं. तिजोरी रिकामी. १८७१ आणि १८७२मध्ये लंडनच्या बाजारातून कागदावर तीस लाख पौंडांची दोन कर्जं काढली गेली, तारण देशाची सार्वजनिक मालमत्ता. सगळे रोखे काही खपले नाहीत, आणि जे खपले त्यातून दलाली, सूट आणि आगाऊ व्याज कापून असुन्सियोनला पोचलेली रक्कम अगदीच थोडी होती. पोचली तीही लवकरच गायब झाली. १८७४मध्ये हप्ते थकले.

यानंतरची पाच-सहा वर्षं माझ्या अभ्यासाचा गाभा आहेत. १८८०मध्ये जनरल बर्नार्दिनो काबायेरो अध्यक्ष झाला. तो युद्धात लोपेसच्या बाजूनं लढलेला, लोकांच्या नजरेत वीरपुरुष. त्याच्या कारकिर्दीत, १८८३ आणि १८८५मध्ये, सरकारी जमीन विक्रीला काढणारे कायदे झाले. १८८५च्या कायद्यानं मातेची जंगलंही विक्रीत आली. लंडनच्या धनकोंशी त्याच वर्षी तडजोड झाली, मुद्दल कमी करून घेतलं गेलं आणि थकलेल्या व्याजापोटी त्यांना जमीन देण्यात आली. अँग्लो-पेराग्वे लँड कंपनी त्यातूनच उभी राहिली.

कायद्यात 'फक्त श्रीमंतांनी घ्यावी' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते लिहायची गरजच नव्हती. विक्रीचं माप होतं चौरस लीग, आणि एक चौरस लीग म्हणजे सुमारे १,८७५ हेक्टर. साडेचार हजार एकरांच्या पटीत जमीन घ्यायची, रोख किंवा थोड्या हप्त्यांत पैसे भरायचे. युद्धात नवरा आणि मुलगे गेलेली, दोन-तीन हेक्टरांवर मका नि मंडिओका (आपण साबुदाणा करतो तो कंद) लावणारी बाई यात कुठे बसणार? तिच्या आजोबांपासून ती जमीन कसली जात होती. पण फेरफार कुणाच्या नावानं करायचा? कागदोपत्री ती जमीन 'रिकामी, सरकारी' होती. आपल्याकडच्या तलाठ्याच्या भाषेत सांगायचं तर ताबा होता, वहिवाट होती, सातबाऱ्यावर नाव नव्हतं. काही वर्षांनी कुणी तरी मोजणीदार घेऊन येई, आणि तेव्हा घरातल्यांना कळे की आपण दुसऱ्याच्या मालकीत राहतो.

विकत कुणी घेतली? अर्जेंटिनातल्या रोसारियोचा व्यापारी कार्लोस कासादो यानं चाकोत पन्नास लाख हेक्टरांहून जास्त जमीन मिळवली. हा आकडा मी पुन्हा सांगते, पन्नास लाख हेक्टर, म्हणजे पन्नास हजार चौरस किलोमीटर. विदर्भाचा निम्मा भाग एका माणसाच्या नावावर. त्यावर आदिवासी लोक पिढ्यानपिढ्या राहत, शिकार करत होते, त्यांना कुणी विचारलं नाही. तिथल्या केब्राचो झाडांपासून कातडी कमावायचं टॅनिन काढणारा कारखाना आणि त्याच्याच नावाचं बंदर उभं राहिलं. (पुढे २०००मध्ये त्या कंपनीनं सहा लाख हेक्टरांच्या आसपास जमीन कोरियातल्या रेव्हरंड मून यांच्या पंथाला विकली. त्या सौद्यात पुएर्तो कासादो हे गाव माणसांसकट होतं.)

पूर्वेकडे १८८६मध्ये ला इंदुस्त्रियाल पाराग्वाया ही कंपनी स्थापन झाली. तिच्या मागे असलेल्यांत काबायेरो आणि त्याच्या वर्तुळातले पुढारी होते, म्हणजे ज्यांनी कायदा केला तेच गिऱ्हाईक. कंपनीकडे पंचवीस लाख हेक्टरांहून जास्त जमीन आली, पूर्व पेराग्वेचा साधारण सहावा हिस्सा. १८८७मध्ये काबायेरोनं कोलोरादो पक्ष काढला. तो पक्ष मधला काही काळ सोडला तर आजही सत्तेत आहे, हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

कंपनीचा धंदा मातेचा. माते ही एका सदाहरित झाडाची पानं, भाजून, कुटून त्यांचा चहा करतात. पेराग्वेत तो गार पाण्यात घालून पितात, त्याला तेरेरे म्हणतात. हे झाड तेव्हा घनदाट जंगलात आपोआप वाढलेलं असे, त्यामुळे मजूर आत न्यावे लागत. ते कसे नेत, हे सांगायला मला मराठीत वेगळा शब्द शोधावा लागत नाही. उचल. ऊसतोड कामगाराला मुकादम हंगामाआधी देतो तीच. जंगलात जाण्यापूर्वी मजुराच्या हातात उचल पडे, ती गावच्या बाजारातच दोन रात्रीत उडे, आणि मग कपडा, मीठ, गोळ्या-औषध, सगळं कंपनीच्या दुकानातून कंपनीच्या भावानं. मजूर स्वतःच्या वजनाहून जड गठ्ठे पाठीवर वाहत, पण कर्ज फिटत नसे. पळून जावं तर १ जानेवारी १८७१चा सरकारी हुकूम आडवा येई: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काम सोडणाऱ्या मजुराला पकडून परत आणावं, खर्च त्याच्याच खात्यावर मांडावा.

हे जगासमोर मांडलं राफाएल बारेत या स्पेनमध्ये जन्मलेल्या पत्रकारानं, १९०८मध्ये, असुन्सियोनच्या एका दैनिकातल्या लेखमालेतून. त्याच वर्षी त्याला अटक झाली, मग हद्दपारी. १९१०मध्ये तो क्षयानं गेला, वय ३४. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याचं लिखाण वाचताना सावध राहावं लागतं, कारण तो रागानं लिहितो. पण उचलीचे करार आणि तो हुकूम हे कागद स्वतंत्रपणे अस्तित्वात आहेत, आणि ते त्याच्याच बाजूनं बोलतात.

विसाव्या शतकाचा मोठा भाग मी भराभर ओलांडते. १९३२ ते ३५ बोलिव्हियाशी चाकोसाठी युद्ध झालं, तेही पेराग्वेनं जिंकलं, जमिनीचे मालक तेच राहिले. १९५४मध्ये जनरल आल्फ्रेदो स्त्रोएसनर आला आणि कोलोरादो पक्षाच्या पाठिंब्यावर १९८९पर्यंत बसला. त्याच्या काळात जमीनसुधारणेची सरकारी संस्था होती, भूमिहीनांना वाटपही होत होतं, निदान यादीत तरी. २००८मध्ये सत्य आणि न्याय आयोगानं अहवाल दिला: १९५४ ते २००३ या काळात सुमारे ७८ लाख हेक्टर जमीन बेकायदा वाटली गेली. ती जनरल, मंत्री, पक्षाचे पुढारी यांच्याकडे गेली. अशा जमिनीला तिथे 'तिएर्रास मालआबिदास' म्हणतात, वाईट मार्गानं मिळवलेल्या जमिनी. ७८ लाख हेक्टर म्हणजे देशाचा जवळपास पाचवा हिस्सा. त्याच दशकांत ब्राझीलमधले शेतकरी सीमा ओलांडून आले, जंगल साफ झालं, सोयाबीन आलं. शेजारचा अर्जेंटिना सोयाबीनच्या निर्यातीवर बराच मोठा कर घेत आला आहे. पेराग्वेत असा कर लावायचे प्रयत्न संसदेत नाहीतर अध्यक्षांच्या टेबलावर अडत राहिले.

आता एका तुकड्याकडे येऊ, जेमतेम दोन हजार हेक्टरांच्या. ब्राझीलच्या सीमेला लागून असलेल्या कानिंदेयू प्रांतात कुरुग्वाती नावाचं गाव आहे. त्याच्या जवळची ही जमीन. १८८०च्या दशकापर्यंत सरकारी, मग ला इंदुस्त्रियाल पाराग्वायाची. १९६७मध्ये कंपनीनं ती सरकारला, नौदलासाठी, दान दिली. (समुद्र नसलेल्या देशाला नौदल कशाला, असं मनात आलं असेल. नद्या आहेत ना.) पण दानाची नोंदणी नीट झालीच नाही. १९९९पर्यंत नौदल तिथे होतं. ते गेल्यावर लोक त्या जागेला 'मारिना कुए' म्हणू लागले. ग्वारानीत 'कुए' म्हणजे पूर्वीचं, एके काळचं. नौदलाची जुनी जागा. २००४मध्ये सरकारनं ती भूमिहीनांना वाटण्यासाठी राखून ठेवली. लगतच्या मोठ्या शेतीकंपनीनं मात्र कोर्टात 'आमची बरीच वर्षांची वहिवाट आहे' असा दावा लावला आणि २००५मध्ये निकाल मिळवला. ही कंपनी ब्लास रिकेल्मे यांची. ते कोलोरादो पक्षाचे माजी अध्यक्ष आणि सिनेटर होते.

इथे मी दरवेळी थबकते. १८८५मध्ये पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीला कायद्यानं काही किंमत दिली नव्हती. २००५मध्ये तीच वहिवाट चालली, फक्त ती सांगणारा वेगळा होता.

१५ जून २०१२ रोजी तीनशेहून अधिक पोलीस मारिना कुएत शिरले. तिथे साठ-सत्तर भूमिहीन शेतकरी तळ देऊन होते, बायका-मुलं धरून. गोळीबार झाला, ११ शेतकरी आणि ६ पोलीस ठार झाले. राष्ट्राध्यक्ष होते फर्नांदो लुगो, माजी बिशप, २००८मध्ये कोलोरादो पक्षाची एकसष्ट वर्षांची सत्ता मोडून निवडून आलेले. कुरुग्वातीचा ठपका ठेवून संसदेनं त्यांच्यावर महाभियोग चालवला. बचावाला सुमारे दोन तास दिले. २२ जूनला, गोळीबारानंतर बरोबर सातव्या दिवशी, सिनेटनं ३९ विरुद्ध ४ मतांनी त्यांना काढलं. पुढच्या वर्षी कोलोरादो पक्ष परत आला.

खटला चालला तो शेतकऱ्यांवर. २०१६मध्ये अकरा जणांना शिक्षा झाल्या, काहींना बऱ्याच मोठ्या मुदतीच्या. जुलै २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या रद्द करून सगळ्यांना सोडलं, पुरावाच नव्हता म्हणून. मेलेल्या अकरा शेतकऱ्यांच्या खुनासाठी कुणावरही दोष सिद्ध झालेला नाही. आणि जमीन नक्की कुणाची, हा प्रश्न त्या निकालात नव्हताच.